मागची खोली

माझ्या मुलीने दुसरं लग्न केलं आणि माझ्या थोरल्या जावेने आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं, ते एकच वर्ष. लग्नाला चार माणसं नाराज झाली, पण जेवून गेली. थोरलीच्या नाहीने मात्र सगळं घर तोंडावर पडलं. कारण ते नाही डॉक्टरांना म्हटलेलं होतं.

गल्लीतून बाहेर पडून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. पहिल्याच सिग्नलला मी ब्रेक दाबला, तेव्हा मागून कुणीतरी ढकललं. फार जोरात नाही. रांगेत उभा असलेला घाईचा माणूस पुढच्याच्या पाठीला हात लावतो, तेवढंच. पण माझ्या मानेतून खाली कंबरेपर्यंत ते गेलं. आरशात पाहिलं तर मागे गाडी नाही, माणूस नाही, रस्तासुद्धा नाही. सगळा आरसा भरून एक पांढरी भिंत, आणि भिंतीला मधोमध एक छोटी खिडकी, तिला थोरलीने स्वतः शिवलेला निळा पडदा. आम्हीच गाडीच्या मागे जोडून आणलेली चाकांवरची खोली आम्हाला ढकलत होती. सिग्नल हिरवा झाला, मी गाडी पुढे घेतली, आणि आता उलटा हिसका बसला, कुणी पदर धरून मागे ओढावं तसा. शेजारी थोरली बसली होती, डोक्याला रुमाल, मांडीवर पाण्याची बाटली. ती म्हणाली, “तिलाही यायचं नाहीये बहुतेक.” मी हसले नाही. माझे हात चाकाला चिकटले होते. तीस वर्षं मी आमच्या लॉन्ड्रीची व्हॅन चालवली, ओल्या चादरींची गाठोडी भरून, चढावर, उतारावर, सिग्नलच्या गर्दीत. पण व्हॅनमध्ये वजन माझ्या पोटात असायचं. हे वजन माझं नव्हतं. ते मागून येत होतं, त्याच्या मनाने येत होतं, आणि मी थांबले तरी ते लगेच थांबणार नव्हतं.

गाडी लहान आहे. उंच दिसते, चाकं जाडजूड आहेत, लोक तिला एसयूव्ही म्हणतात, पण शेजारच्या मोठ्या गाड्यांत ती उभी राहिली की मोठ्यांच्या चपला घातलेल्या पोरीसारखी दिसते. पुतण्याने, म्हणजे थोरलीच्या मुलाने, गाडीकडे पाहिलं, मागच्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाला, “काकू, मुंगीला कपाट ओढायला लावतेस तू.” मी त्याला गाडीच्या पुस्तकातला आकडा दाखवला, किती वजन ओढू शकते तो. आमची खोली त्याच्या बरीच खाली होती. त्याने आकडा वाचला, मान हलवली, आणि म्हणाला की आकडा गाडीचा आहे, चालवणारीच्या वयाचा नाही. तो वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तो वाईट वाटेल. आईसाठी त्याने काय केलं नाही? पहिल्या दोन वेळा औषध शिरेतून चढलं तेव्हा तो खुर्चीत बसून झोपला, तिची उलटी आपल्या हातावर घेतली. तिसऱ्या खेपेची तारीख त्यानेच घेतली, सोमवारची. तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत, डॉक्टर कागदावरून मान वर करायच्या आत, थोरली म्हणाली, “नाही.”

घरात कुणाला ते कळलंच नाही. खरंच कळलं नाही. थोरली कधी नाही म्हणत नसे, ती “बघू” म्हणायची. तिचं बघू म्हणजे हो. माझ्या सासूने तिला विचारलं, धाकटीला तुझ्या खोलीत पडदा लावून जागा देतेस का, तेव्हा ती बघू म्हणाली, आणि संध्याकाळी पडदा लागला. तिचं स्वतःचं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. त्या पडद्याच्या अलीकडे मी आणि माझा नवरा, पलीकडे ती आणि भाऊजी, आणि मधल्या दोरीवर कुणाचे तरी ओले मोजे. पुढे भाऊजींनी लॉन्ड्री काढली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, मागच्या अर्ध्या घरात यंत्रं बसवू का. बघू. मुलाने विचारलं, आजी आता तुझ्याजवळ झोपेल का, तिला रात्री उठवावं लागतं. बघू. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याच्या मुलाला अभ्यासाला जागा हवी झाली. बघू. एवढं आयुष्य गेलं आणि बाईला आतून कडी लावता येईल असं एक दार मिळालं नाही. न्हाणीघराचं सोडून. तिथेही बाहेरून कुणीतरी ठोकायचंच, झालं का म्हणून.

म्हणून डॉक्टरांच्या खोलीत ती नाही म्हणाली तेव्हा मुलाने ते बघूसारखंच ऐकलं. तारीख कायम ठेवली. डॉक्टरही म्हणाले, घाबरल्या आहेत, होतं असं. थोरलीने मग पुन्हा काही सांगितलं नाही. ती घरी आली, आपल्या कपाटातून आपल्या नावाचं जे काही होतं ते काढलं, आणि एका माणसाकडून ही खोली घेऊन आली. दोन चाकांवरची, आत एक आडवा पलंग, एक बाक, एक शेगडी, उभं राहिलं तर डोकं छताला लागत नाही एवढीच उंच. आणि दाराला आतून कडी. तिने मला बोलावलं, दार लावलं, कडी घातली, आणि आम्ही दोघी आत बसलो. बाहेर गल्लीतली पोरं पत्र्यावर बोटं वाजवत होती. ती म्हणाली, “ओढशील का?” मी म्हटलं, “तुम्ही फक्त कुठे ते सांगा.” मी तिला तुम्ही म्हणायचे. ती थोरली होती, मी धाकटी, आणि शिवाय तिने मला अक्षरं शिकवली. चादरींच्या कोपऱ्यात ज्याच्या त्याच्या हॉटेलचं अक्षर टाक्याने घातलेलं असायचं. चाळिशी उलटल्यावर मी ती अक्षरं तिच्याकडून शिकले, इस्त्रीच्या टेबलावर, एक हात गरम कापडावर ठेवून. कापड गार होईपर्यंत अक्षर लक्षात राहिलं पाहिजे, असं ती म्हणायची. त्यामुळे आजही मला वाचताना तळहाताला ऊब लागते.

गोळा आणि वाटी. गाडीच्या मागे लोखंडी गोळा बसवतात आणि खोलीच्या नाकाला वाटी असते, ती गोळ्यावर बसते आणि खटका पडतो. बसवून देणाऱ्या वेल्डरने मला दहादा करायला लावलं. मग त्याने मोकळ्या मैदानावर गाडी मागे घ्यायला शिकवलं, त्यात मात्र नाकी नऊ आले. खोली उजवीकडे न्यायची तर चाक डावीकडे फिरवायचं. माझं सगळं शरीर म्हणायचं उजवीकडे, आणि खोली डावीकडे वळून गाडीच्या कुशीत शिरायची. थोरली खुर्ची टाकून बघत बसली होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, चाक वरून धरूच नको म्हणावं, खालून धर. खालून धरलं की हात जिकडे, तिकडेच खोली. मला म्हणत नव्हती, वेल्डरला म्हणत होती. वेल्डर म्हणाला, “आजी, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. पण ती तुमचंच ऐकणार.” खरं होतं ते.

शहर संपत नव्हतं. दुकानं, पुन्हा दुकानं, टायरांचे ढीग, अर्धवट उभ्या इमारती. मागून कुणी हॉर्न वाजवला की माझ्या खांद्यांत गोळे यायचे. मी हळू होते आणि मला ते माहीत होतं. एक तरुण बाजूने गेला, काच खाली करून हात उडवला आणि काहीतरी बोलला, त्याच्या तोंडाच्या हालचालीवरून ते आमच्या वयाबद्दल होतं. थोरलीने त्याला हात हलवून निरोप दिला, जणू तो आम्हाला सोडायला आला होता. पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा पुतण्याचा फोन आला. तो घरी आला होता. आई नाही, खोली नाही, गल्लीत फक्त चाकांखालच्या दोन विटा. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. सोमवारी तारीख आहे, ती आईला माहीत आहे, तुला माहीत आहे, तुम्ही दोघी वेड्या नाहीत, मग हे काय आहे, असं तो हळूहळू विचारत राहिला, फार्मसीच्या काउंटरवर गोळ्या समजावून सांगतो तसा. तो फार्मसी चालवतो. शेवटी म्हणाला, “काकू, तिला काही झालं तर जबाबदार कोण?”

“मी,” मी म्हटलं.

कुठला रस्ता, कुठला पंप, ते त्याने विचारून घेतलं. मग म्हणाला, मी येतोय, जिथे आहात तिथे थांबा. मी फोन ठेवला आणि टाकीचं झाकण लावलं. मी हे बोलले खरं, पण एवढा मोठा शब्द तोंडातून गेल्यावर जीभ कोरडी पडते. मला वाटलं होतं थोरली म्हणेल, बरं केलंस. ती म्हणाली, “तुला कशाला हवी जबाबदारी? माझी आहे. एवढी एक तरी मला राहू दे.” आणि काच वर केली. मला राग आला. मी तिच्यासाठी भांडतेय आणि ही माझ्याशीच भांडतेय. त्या रागात मी पंपावरून बाहेर पडले आणि हमरस्त्याला लागल्यावर पाय जरा जास्तच दाबला.

हमरस्ता मोकळा होता. इंजिन पहिल्यांदाच जरा सुखाने गुरगुरलं. झाडं मागे जायला लागली, आणि मागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, आरशात फक्त ती भिंत. मला ते आवडलं. माझं सगळं आयुष्य मागे वळून बघण्यात गेलं, कुणी बोलावतंय का, काही राहिलं का, दूध उतू गेलं का. आता मागे बघायचं म्हटलं तरी एक निळा पडदा. पुढे रस्ता उतरत होता, दोन्ही बाजूंना कापलेला डोंगर. मग एक मोठा ट्रक आमच्या बाजूने निघून गेला, त्याचा वारा आमच्या अंगावर आला, आणि खोली हलली.

आधी थोडीशी. कुणी झोपेत कूस बदलावी तशी. मग दुसऱ्या बाजूला, जास्त. मग पुन्हा. गाडीचा मागचा भाग तिच्याबरोबर ओढला जायला लागला, माझ्या हातातलं चाक आपोआप थरथरायला लागलं, आणि बाजूच्या आरशात मला ती दिसली, आधी डाव्या आरशात, मग उजव्या, मग डाव्या, एखादी बाई नकारार्थी मान हलवते तशी. थोरलीने माझा दंड धरला. “ब्रेक दाब,” ती म्हणाली, “अगं दाब, ब्रेक दाब.” माझा पाय ब्रेककडे निघालाच होता. तीस वर्षांचा पाय, संकट आलं की तोच रस्ता जाणतो. पण या खोलीला ब्रेक नव्हता. मी थांबले असते, ती थांबली नसती, ती आम्हाला पुढे घालून फिरली असती. “तू गप बस,” मी म्हटलं. पाय दोन्ही पेडलांवरून काढून घेतला आणि चाक सरळ धरलं. फक्त धरलं. तिला मुळीच आवरायला गेले नाही. ती डावीकडे गेली, मी गेले नाही. ती उजवीकडे गेली, मी गेले नाही. माझे दात एकमेकांवर घासत होते, त्याचा आवाज मला डोक्याच्या आतून येत होता. गाडी हळू झाली, आणखी हळू, आणि खोलीचं मान हलवणं लहान होत गेलं आणि थांबलं. मी कडेला घेतलं. इंजिन बंद केल्यावर बाहेर एक पक्षी ओरडत होता आणि तो आधीपासूनच ओरडत असावा.

उतरून मी मागे गेले. दार उघडून आत पाहिलं, आणि मला ओशाळल्यासारखं झालं. पाण्याचे सगळे कॅन, गॅसची टाकी, थोरलीची जड ट्रंक, सगळं अगदी मागे, मागच्या भिंतीला टेकून, ओळीने, नीट. आम्ही दोघींनीच सकाळी भरलं होतं, न बोलता, एकमेकींच्या हाताचा अंदाज घेत, कधी नव्हे एवढ्या झपाट्याने. लॉन्ड्रीच्या व्हॅनमध्ये ओली गाठोडी, म्हणजे सगळ्यात जड, मागच्या दाराशी ठेवतात, कारण ती आधी उतरवायची असतात. आमच्या हातांनी तेच केलं. वेल्डरने बजावलं होतं, जड ते पुढे, गोळ्याच्या बाजूला. नाक हलकं झालं की खोली नाचते. आम्ही दोघींनी मान हलवली होती. मान ऐकते आणि हात ऐकत नाहीत.

मी पायरीवर बसले आणि मला वाटलं, आता पुरे. पुतण्या बरोबर होता. मुंगी आणि कपाट. मी थोरलीला म्हटलं की पुढच्या वळणावरून परत फिरू, सोमवारला अजून वेळ आहे, एकदा घेऊन बघा औषध, मग येऊ. थोरली गाडीला टेकून उभी होती. रुमाल सरकला होता, त्याखालून तिचं बाळासारखं डोकं दिसत होतं. ती म्हणाली, “तू मला तू म्हणालीस.” मला आठवेना. “गप बस म्हणालीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.” तिला हसू येत होतं आणि हसण्याने पोटात दुखत होतं, तिने एक हात पोटावर दाबून धरला होता. मग हसू थांबलं. “आता तू म्हणतेसच तर सरळ सांगते. औषधाने माझे दिवस वाढतील, हे मला कळतं. मी घाबरलेली नाही. पण ते दिवस मला उलटी पुसणाऱ्यांचे आभार मानत काढायचे नाहीत. परत जायचं असेल तर तू जा. मला आणि खोलीला इथे सोड.” रस्त्याच्या कडेला, एका कापलेल्या डोंगरापाशी. आणि ती खरंच आत गेली आणि एक कॅन ओढायला लागली. तिच्याने तो हलेना. मी बघत राहिले. तो इंचभर सरकला. तिने पुन्हा धरला.

मग मी उठले. आम्ही दोघींनी टाकी पुढे आणली, मग ट्रंक. ट्रंक जड होती. मी म्हटलं, काय दगड भरलेस का, आणि ती म्हणाली, तुझ्या दिराच्या सगळ्या चुका. अशा थट्टेत अर्धं सामान हललं, आणि तेवढ्यात पुतण्याची गाडी मागे येऊन थांबली. तो धावत आला. आधी आईचे हात तपासले, मग माझे, मग चाकांच्या खुणा पाहिल्या, डांबरावर वाकड्या उमटलेल्या. त्याला सगळं समजलं. त्याने माझ्यापुढे हात केला. किल्ली. तो म्हणाला मी चालवतो, सरळ घरी, माझी गाडी राहू दे इथे, पण तू चाकावर बसायचं नाहीस. किल्ली माझ्या मुठीत होती, तिचे दात तळव्यात रुतले होते, आणि मला एक विचित्र गोष्ट जाणवली, की मला त्याची भीती वाटत नव्हती, त्याच्या बरोबर असण्याची वाटत होती. तो बरोबरच होता. आम्ही मरता मरता वाचलो होतो. तरीही मी मूठ उघडली नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे. माणूस बरोबर असला म्हणून त्याला दुसऱ्याच्या खोलीत शिरता येत नाही.

“आई, चल,” तो म्हणाला.

“नाही,” थोरली म्हणाली.

यावेळी त्याने ते ऐकलं. ऐकलं हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, लहानपणी त्याच्या हातून काचेचा पेला पडायचा तेव्हा व्हायचा तसा चेहरा. तो आईकडे बघत राहिला, खूप वेळ, जणू तिने परक्या भाषेत काही म्हटलं होतं आणि तो एकेक अक्षर लावून बघत होता. गाड्या सूं सूं करत जात होत्या. मग तो आत गेला आणि उरलेले कॅन पुढे आणून ठेवले, एकेक, आवाज न करता. गोळ्यावरची वाटी हाताने हलवून पाहिली. खटका तपासला. “मी येणार नाही,” तो म्हणाला, “मला हे बघायचं नाही.” थोरली म्हणाली, “नको येऊस. रागावून राहा. पण जेवत जा.” तो गाडीत बसला, वळण शोधायला पुढे गेला, आणि थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूने परत जाताना दिसला. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. थोरलीने पाहिलं. मी किल्ली लावली.

नाक जड झाल्यावर खोली शहाण्यासारखी आली. मी चढावर हळू, उतारावर आणखी हळू, मागे गाड्यांची रांग लागली तर लागली. हॉर्न वाजवणाऱ्यांना मी वाजवू दिलं. कुठे जायचं ते थोरलीने ठरवलं होतं, एका मोठ्या तलावाकाठी अशा चाकांवरच्या खोल्या उभ्या करायची जागा होती, तिथे लॉन्ड्रीच्या एका गिऱ्हाइकाने कधीतरी तिला नेतो म्हटलं होतं आणि नेलं नव्हतं. जागा तशी काही नव्हती. गवत, नळ, एक चौकीदार, पाण्यावर पानकोंबड्या. चौकीदाराने विचारलं, किती दिवस. थोरली म्हणाली, माहीत नाही, तुम्हाला घाई आहे का. त्याला घाई नव्हती. दुपारी ती आत जायची, कडी लावायची. मी बाहेर खुर्चीत बसून असायचे. मला आत काय चाललंय ते कळायचं नाही. पहिले काही दिवस मी उठून दाराशी जायचे, कान लावायचे, हात उचलायचे आणि खाली घ्यायचे. नंतर जमलं. बाकाखाली औषधांचा डबा होता, दुखण्यावरचा. तो लागायचा, अधिक अधिक लागायचा. हे सगळं सोपं होतं असं मी सांगणार नाही. एका पहाटे ती एवढी कण्हली की मी गाडीची किल्ली काढली, आणि ती म्हणाली, ठेव ती, आणि माझा हात पोटावर ओढून घेतला, आणि आम्ही उजाडेपर्यंत तशाच पडून होतो.

पुतण्या तिसऱ्या आठवड्यात आला. तंबू आणला होता, तो त्याला ठोकता येईना, चौकीदाराने ठोकून दिला. पुढे तो दर आठवड्याला यायचा, शेवटी राहिलाच. आजही नातेवाईक मला ऐकवतात, औषध घेतलं असतं तर वर्ष दीड वर्ष काढलं असतं तिने. काढलं असतं. मी कुणाशी वाद घालत नाही. विचारलं तर सांगते, ती मला कपाटासारखी ओढावी लागली नाही, ती माझ्या शेजारी बसून आली, आणि पुन्हा कुणी म्हटलं तर मी पुन्हा खोली ओढीन.

थोरली त्याच वर्षी, थंडी सुरू झाल्यावर, एका मंगळवारी दुपारी तलावाकाठी वारली. त्या वेळी दार आतून बंद होतं. तिचा मुलगा आणि मी बाहेर होतो.